उत्तर: मार्चचे आकडे बघून पोरगा विकू का?

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मला माझाच २०१७ चा मार्च आठवला. तुमच्या फँटसी बेसबॉल संघात, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या खेळात, बावीस वर्षांचा शॉर्टस्टॉप (एक क्षेत्ररक्षक), चार वर्षं सांभाळलेला. सप्टेंबरात वर, म्हणजे मेजर लीगमध्ये, बोलावला तर साठ-सत्तर वेळा बॅटिंगला येऊन नुसते स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद). आता लीगमधला मित्र त्याला मागतोय आणि तुम्ही म्हणताय, "पिचर-कॅचर पुढच्या आठवड्यात कॅम्पात येतायत, मार्चचे आकडे बघतो आणि ठरवतो." (मार्चचे म्हणजे सीझनआधीच्या कॅम्पातल्या, स्प्रिंगच्या सराव सामन्यांचे.) खेळाडूचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत. तुमच्या लीगमधलं कोणीतरी इथे वाचत असणारच.

डायनॅस्टी लीग (खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच ठेवायची फँटसी लीग) कशी चालते, क्लबच्या चाळीस जणांच्या यादीत कोण, कोणाला खाली पाठवायचे किती ऑप्शन उरलेत, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. माझं म्हणणं एवढंच की मार्चवर ठरवू नका. मी ठरवलं होतं.

आमची लीग ऑफिसातली, बारा जणांची. मी एकटी बाई आणि एकटी मराठी. न्यू जर्सीत राहते, त्यामुळे शेजारच्या न्यूयॉर्कचे यांकीज आपोआपच गळ्यात पडले. २०१५ च्या उन्हाळ्यात ट्रेंटनला जायचे, तेव्हा यांकीजचा डबल-ए (मेजरच्या दोन पायऱ्या खालचा) संघ तिथे होता. उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे लगेच डेलावेअर नदी, तिकीट सिनेमापेक्षा स्वस्त. तिथे एक सहा फूट सात इंचाचा राइट फील्डर खेळायचा, ॲरन जज. मला वहीत लिहून ठेवायची खोड आहे. त्या दिवशीची नोंद अशी: "पहिल्यांदा: बाहेर जाणारा स्लायडर, घुमवला, हुकला. दुसऱ्यांदा: तोच चेंडू, बॅट अर्ध्यावर थांबवली. तिसऱ्यांदा: ढुंकूनही बघितलं नाही, वॉक." (वॉक म्हणजे चार चेंडू बाहेर पडल्याने फुकट मिळालेला बेस.) घरी येऊन त्याच रात्री त्याला संघात घेतला. फुकटात मिळाला.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. १३ ऑगस्ट २०१६ ला तो वर आला आणि पहिल्याच वेळी होम रन मारला. त्याच्या आधीच्या बॅटरनेही, टायलर ऑस्टिनने, आपल्या पहिल्याच वेळी मारला होता. मी ऑफिसात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग २७ सामने, .१७९ ची सरासरी (शंभरात अठराच हिट), ८४ ॲट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट. म्हणजे बरोबर निम्मे! हिवाळ्यात होतकरू खेळाडूंच्या प्रत्येक यादीत तो घसरला. लोक म्हणायला लागले की एवढ्या उंच माणसाचा स्ट्राइक झोनच (चेंडू स्ट्राइक धरायची चौकट) भलामोठा, मेजरचे पिचर त्याला कायम असंच नाचवणार.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये टँपाच्या कॅम्पात ग्रेग बर्ड पेटला. यांकीजचाच फर्स्ट बेसमन, २०१५ मध्ये ४६ सामन्यांत ११ होम रन मारलेला, २०१६ पूर्ण खांद्याच्या ऑपरेशनमध्ये गेलेलं. त्या स्प्रिंगला त्याने .४५१ मारलं, ८ होम रन. रोज सकाळी फोन उघडावा तर बर्ड. आमच्या लीगमध्ये तो ज्याच्याकडे होता, त्याने विचारलं, "जज देतेस का?" २८ मार्चला गुढीपाडवा होता. श्रीखंड खाऊन सुस्तावून सोफ्यावर बसले होते, म्हटलं साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, करून टाकू. केला. वर त्या माणसाला मुहूर्त म्हणजे काय तेही समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही हाताला लागली. ट्रेंटनचं ते पान वाचलं आणि पोटात गोळा आला.

ट्रेड पक्का व्हायला चोवीस तास असतात, मागे घेता येईल असं वाटलं. ज्या साइटवर आमची लीग चालायची (नाव घेत नाही), तिच्या मदत विभागाला लिहिलं. उत्तर आलं, हे तुमच्या कमिशनरच्या (लीग चालवणाऱ्याच्या) हातात आहे. कमिशनर म्हणाला, साइटने मंजूर करून टाकलाय, आता मला बटणच दिसत नाही. परत साइटला लिहिलं. यंत्राने पाठवलेलं उत्तर आलं: आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. त्यानंतर आजतागायत काही आलेलं नाही. त्यांची वर्गणी मात्र दर फेब्रुवारीला वेळेवर कापली जायची. तुमच्या साइटचा मुदतीचा नियम आधी वाचून ठेवा, एवढं तरी माझ्याकडून घ्या.

सीझन तोंडावर आला आणि बर्डने स्वतःच्याच बॅटचा फाउल चेंडू उजव्या घोट्यावर मारून घेतला. एप्रिलमध्ये तो ६० पैकी ६. जुलैमध्ये घोट्याचं ऑपरेशन, वर्षाअखेर .१९०. त्याच एप्रिलमध्ये जजने १० होम रन मारले, वर्षभरात ५२. नवख्या खेळाडूसाठी तो तेव्हाचा विक्रम होता, १९८७ चा मार्क मॅग्वायरचा ४९ चा मोडून. दोन वर्षांनी पीट अलोन्सोने ५३ मारले म्हणून जरा बरं वाटलं, पण जराच. मे महिन्यात यांकीजनी स्टेडियमच्या उजव्या बाजूला खास त्याच्या नावाने बाकांचा एक भाग केला, लोक न्यायाधीशांचे काळे झगे घालून तिथे बसायला लागले. आमच्या त्या माणसाने तिथून झग्यातला फोटो पाठवला. बर्डचा दोष नाही हो. ऑक्टोबरात क्लीव्हलंडविरुद्ध १-० चा सामना त्याच्याच होम रनवर जिंकला, तेव्हा मी सोफ्यावर उभी राहून ओरडले होते. शरीराने साथ दिली नाही बिचाऱ्याला.

आता मुद्दा. माझी चूक बर्डला घेण्यात नव्हती. जज प्रत्येक पायरीवर आधी आपटतो आणि दुसऱ्या खेपेला वर चढतो, हे समोर लिहिलेलं असून मी वाचलं नाही. २०१५ च्या उत्तरार्धात तो ट्रिपल-एला (मेजरच्या एक पायरी खाली), स्क्रँटनला गेला तेव्हा .२२४. पुढच्या वर्षी त्याच स्क्रँटनला .२७०, १९ होम रन, आणि स्ट्राइकआउटचं प्रमाणही कमी. माझ्या वहीत तेच एका दुपारपुरतं होतं: पहिल्यांदा हुकला, तिसऱ्यांदा सोडला. तेव्हा तुमच्या पोराचा सप्टेंबर बाजूला ठेवा आणि तो डबल-एला पहिल्या दोन महिन्यांत काय होता आणि नंतर काय झाला ते काढा. ट्रिपल-एचंही तसंच. दोन्ही ठिकाणी सुधारला असेल तर थांबा. दोन्ही ठिकाणी जसाच्या तसा राहिला असेल आणि आकडे फक्त होम रनमुळे चांगले दिसत असतील, तर मित्राला लगेच हो म्हणा, मार्चचीही वाट बघू नका.

कारण उलटंही होतं. ब्रँडन वुडने २००५ मध्ये खालच्या पायरीच्या कॅलिफोर्निया लीगमध्ये ४३ होम रन मारले होते, एंजल्सच्या चाहत्यांना देव सापडला होता. मेजरमध्ये २७२ सामन्यांत .१८६. माइक ट्राउटही २०११ ला पहिल्या ४० सामन्यांत .२२० च होता आणि पुढच्याच वर्षी रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला, हे उदाहरण सगळे फेकतात. पण दर ट्राउटमागे किती वुड असतात ते कोणी मोजत नाही. मीसुद्धा मोजलेलं नाही, तेव्हा माझ्या म्हणण्यावरही पूर्ण विसंबू नका.

मार्चचं सांगायचं तर तिथे सुरुवातीचा पिचर दोन-तीन इनिंग टाकतो आणि त्यातही चेंडू टाकायची नवी तऱ्हा घोटवत असतो, मार बसला तरी त्याला पर्वा नसते. सहाव्या इनिंगनंतर पाठीवर ८७, ९३ असे नंबर असलेली पोरं येतात, जी एप्रिलमध्ये डबल-एला असणार. बेसबॉल-रेफरन्सवर स्प्रिंगच्या आकड्यांशेजारी समोरच्या पिचर्सचा दर्जा दहाच्या मापात दिलेला असतो. सरासरी बघायच्या आधी तो रकाना बघा. बॅटरचं काही बघायचंच असेल तर वॉक आणि स्ट्राइकआउट. पिचरचं मात्र वेगळं आहे. कोणाचा वेग खरंच ताशी दोन मैलांनी वाढला असेल तर मी दखल घेते. वेग नशिबाने वाढत नाही.

आणखी एक, यावर इथे माझी भांडणं झालेली आहेत. कॅम्पच्या शेवटी पोराला खाली पाठवलं तर घाबरून विकू नका. ख्रिस ब्रायंटने २०१५ च्या स्प्रिंगमध्ये ९ होम रन मारले, सगळ्यांत जास्त, तरी त्याच्या क्लबने, शिकागो कब्जनी, त्याला खाली ट्रिपल-एला, आयोवाला पाठवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. सेवेचं पूर्ण वर्ष धरायला १७२ दिवस लागतात, त्याचे १७१ भरले. एका दिवसासाठी क्लबला त्याच्यावर आणखी एक वर्ष हक्क मिळाला. तो तक्रार घेऊन गेला आणि २०२० मध्ये हरला. खेळाडू आणि मालकांच्या २०२२ च्या करारानंतर रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोघांना पूर्ण वर्ष मिळतं, तरीही हिशेब व्हायचे ते होतातच. मालकांची ही बनियेगिरी बघितली की माझं डोकं फिरतं, पण तो विषय दुसऱ्या धाग्यावर.

यादी विकत घेणं कमी करा. मी दोन वर्षं पैसे भरून एक सेवा घेतली होती आणि तिने मला बर्डच सांगितला होता. त्यापेक्षा जवळचा डबल-ए संघ बघा. तुम्ही जर्सीत असाल तर ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स आहेत, २०२१ पासून यांकीजचा डबल-ए तिथेच. आम्ही बालाजी मंदिरात दर्शन घेतो, तिथल्या कँटीनचा डोसा खातो आणि संध्याकाळच्या सामन्याला जातो. होम प्लेटच्या मागे बसा, वही न्या. स्प्रिंगला प्रत्यक्ष जाणार असाल तर ॲरिझोना बघा. तिथली मैदानं फिनिक्सच्या आसपासच आहेत, फ्लोरिडात दिवस गाडीतच जातो. सामन्यापेक्षा सकाळी मागच्या मैदानांवर जा, आणि टोपी विसरू नका.

मी काही स्काउट नाही. हिशेबनीस आहे, आणि या लीगमध्ये एकदाही जिंकलेले नाही. ज्याने जज नेला तो दोनदा जिंकलाय. ४ ऑक्टोबर २०२२ ला टेक्सासमध्ये जजचा त्या वर्षीचा ६२ वा होम रन गेला, चेंडू खाली यायच्या आत माझा फोन वाजला. "हॅपी पाडवा." दुसऱ्या दिवशी दसरा होता, पण त्याला कोण सांगणार.

तुमच्या पोराचे डबल-ए आणि ट्रिपल-एचे महिन्यामहिन्याचे आकडे असतील तर इथे टाका, नाव झाकून टाका. शनिवारी कर भरायची कामं उरकली की बघते. आणि मित्राला तोवर हो किंवा नाही, काहीच सांगू नका.