घाटातल्या उताराची स्टॅबिलिटी काढायला फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर कोणतं?

भावा, एम.टेक. प्रोजेक्टसाठी लाखाचं लायसन्स कुठून आणणार, तर सरळ पायस्लोप घे, पायथनचीच लायब्ररी आहे, कोड उघडा, आणि बिशपची पद्धत (१९५५ ची, उताराचे उभे काप करून हिशोब करायची) वापरून फॅक्टर ऑफ सेफ्टी काढून देते, म्हणजे मातीची धरून ठेवायची ताकद भागिले खाली ओढणारा जोर; एकाच्या खाली गेला की उतार घसरतो. हायरकॅन पण फुकट आहे आणि माऊसनं चित्र काढायला सोपं, पण त्याचा सोर्स कोड उघडा नाही, सो "ओपन सोर्स" लिहिलंस तर व्हायव्हाला अडकशील. फायनाईट एलिमेंटच (उताराचे बारीक तुकडे पाडून ताण काढायची पद्धत) पाहिजे असेल तर क्रॅटोस किंवा ओपनसीस, पण शिकायला महिने जातात, मी तर नाद सोडला.

खरी गोची सॉफ्टवेअरची नाहीच, पाण्याची आहे. कागदावर करून बघ: माती सुट्टी, सी (मातीचा चिकटपणा) शून्य, फाय (घर्षणाचा कोन) ३२ अंश, उतार २० अंश. कोरड्यात फॅक्टर ऑफ सेफ्टी टॅन ३२ भागिले टॅन २०, म्हणजे १.७२, एकदम झकास. आता गगनबावड्याचा जुलै धर, पाणी वरपर्यंत भरून उताराला समांतर झिरपतंय, मातीचं वजन घनमीटरला २० किलोन्यूटन आणि पाण्याचं १० धरलं तर तोच आकडा (२० वजा १०) भागिले २० नं गुणायचा, म्हणजे निम्मा, ०.८६. गेला उतार!

म्हणून पाण्याची पातळी बदलत तीन-चार रन मार. आणि जांभ्याचे सी-फाय नेटवरनं उचलू नको, पन्हाळ्याचा जांभा चार पावलांवर बदलतो, सॅम्पल घेऊन शिअर टेस्ट (सी-फाय मोजायची लॅबमधली चाचणी) कर.