थर, स्तर की पदर?

भाऊ, तुम्ही विचारलं की कापडाच्या फिल्टरवरून दोन कंपन्यांमधे पेटंटची केस चालू आहे, तिच्या बातमीचं मराठी करताना 'लेअर'ला काय लिहू, 'बहुस्तरीय' चालेल का. चालायला चालेल, पण आमच्या गावात त्रिस्तरीय म्हटलं की ग्रामपंचायत, पंचायत समिती आन् जिल्हा परिषदच आठवते. मी तर पदर लिहीन.

आमची माय पाण्याच्या गुंडाच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं फडकं दुहेरी करून बांधायची, वरून सांगायची, "पानी गायून घेजो रे". (वऱ्हाडीत ळ चा य, गाळणीची गायनी.) तेव्हा नारूची भीती होती, नारूची अळी पोटात बाळगणारे पाण्यातले बारके जीव फडक्यात अडकायचे, २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. तर त्या फडक्याचे दोन पदर, आणि फडक्यावर जो मातकट बुळबुळीत गाळ उरायचा तो थर. थर साचतो नाहीतर रचतात, धुळीचा थर, दहीहंडीचे थर. पदर पोळीसारखा सुटा होतो. घरात पडलेला जुना सर्जिकल मास्क कात्रीनं कापून पाहा, तीन पदर अलग निघतील, मधला बहुतेक पांढरा, वितळलेल्या प्लास्टिकचे बारीक तंतू हवेच्या झोतानं पसरून बनवलेला, खरं गाळायचं काम तोच करते.

पदरातही एक खोच आहे. समृद्धी महामार्ग सहापदरी, पण तिथे पदर शेजारी शेजारी! म्हणून 'एकावर एक तीन पदर' असं सरळ लिहा. आणि हे उगाच शब्द कीसणं नाही बरं, पेटंटचा हक्क क्लेममधल्या, म्हणजे पेटंटात नेमका कशावर हक्क आहे ते सांगणाऱ्या वाक्यांमधल्या, शब्दांवरच मोजतात, क्लेममधली एकेक गोष्ट समोरच्याच्या मालात सापडावी लागते. आता समजा क्लेम तीन लेअरचा आहे आणि समोरच्यानं एकच कापड तिहेरी घडी घालून वापरलं, तर ते तीन झाले की एक? मायच्या हिशोबानं फडकं एक, पदर दोन. वकिलांची फी अशाच ठिकाणी निघते, तेव्हा मुळात 'फोल्ड' असेल तिथे घडीच लिहा, पदर नको.

हो, आणि क्लेमला 'दावा' लिहाल तर कोर्टातला दावाही दावाच, वाचणारा गोंधळून जाईल, क्लेमच राहू द्या. पेटंटला कोशात 'एकस्व' आहे, पण कोणी बोलताना ऐकलं नाही मी. पेटंट तर आता मराठीच झालं, आमच्या पानठेल्यावरच्या एका काकांचं पेटंट वाक्य आहे, "उधारी उद्या".