आईने विणलेला स्वेटर उसवला तर चालेल का?

"आईच्या हातची वस्तू आहे, आता खराब होत चाललीय, तिचं दुसरं काहीतरी करून घेतलं तर ती आईशी बेइमानी होईल का?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कुणाकडे गोधडी असते, कुणाकडे क्रोशाचा टेबलक्लॉथ, एकीच्या वडिलांनी रिटायर झाल्यावर स्वतः रंधा मारून केलेले पाट होते आणि नवीन फ्लॅटमध्ये ते ठेवायला जागा नव्हती. लोक हा प्रश्न जरा लाजतच विचारतात, एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे काय यायचं असं वाटत असतं त्यांना. पण ही गोष्ट एवढीशी नसते, म्हणून आज एका केसबद्दल सविस्तर लिहितेय. परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नाशिकचे एक गृहस्थ, पंचेचाळिशीच्या आसपासचे, सातपूरला कंपनीत सुपरवायझर. ते आले होते ते खरं तर बायकोशी झालेल्या भांडणावरून, म्हणजे अपॉइंटमेंटही बायकोनेच घेतलेली. झालं असं की दिवाळीच्या साफसफाईत बायकोने लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केला आणि थंडीत वाटायला म्हणून जुन्या कपड्यांचं एक गाठोडं बांधलं. संध्याकाळी हे घरी आले तर गाठोड्यातून एक मरून रंगाची बाही बाहेर लोंबत होती. आईने विणलेला स्वेटर. आई जाऊन चार वर्षं झालेली. ते एवढे ओरडले की शेजारचे दार उघडून बघायला आले, मुलगी रडायला लागली, आणि मग आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. त्यात भर म्हणजे स्वेटर उलगडून बघितला तर त्याला कसर लागलेली. पोटावर आणि पाठीवर भोकंच भोकं.

"मॅडम, मी तो घालत नाही, मला होतही नाही," ते म्हणाले. "बाहेर काढून बघतसुद्धा नाही. पण तो तिथे आहे हे माहिती असलं की बरं वाटतं."

हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. व्हामिक व्होल्कान नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी शोकात असलेल्या माणसांवर काम करताना नेमकं हेच टिपलं होतं, की गेलेल्या माणसाची एखादी वस्तू आपण कुलपात ठेवतो, वापरत नाही आणि टाकतही नाही, पण ती कुठे आहे याचा ताबा मात्र आपल्याकडेच लागतो. वस्तू हरवली की माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं. त्यामुळे त्यांचं ओरडणं मला समजलं. त्यांच्या दृष्टीने बायकोने आईलाच गाठोड्यात बांधलं होतं.

पण बायकोचंही ऐकायला हवं होतं ना. त्या इतका वेळ गप्प बसलेल्या, मग एकदम म्हणाल्या, "सासूबाईंचं सगळं आजारपण मी काढलं. शेवटचे तीन महिने त्यांना न्हाऊमाखू मी घालत होते. आणि हा स्वेटर त्यांनी विणलाय हे मला कुणी सांगितलंच नाही, मला वाटलं यांचा शाळेतला जुना असेल. मी काय परकी आहे का?" त्यावर ते नुसते खाली बघत बसले. आपल्याकडे पुरुष आईबद्दल बोलतात ते दहाव्या-तेराव्यापर्यंत, नंतर विषय बंद, आणि मग तो विषय असा कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसतो, घरच्यांनाही पत्ता नसतो. माझ्या मते अर्धं भांडण तिथेच होतं. त्या दिवशी स्वेटरबद्दल काही ठरवायचं नाही एवढंच ठरलं, आणि पुढच्या वेळी तो घेऊन या म्हटलं.

आला तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्यांचा वास मारत. टेबलावर पेपर पसरून त्यावर ठेवला आणि मी त्यांना तो उलटा करायला सांगितला, कारण विणलेल्या कपड्याची हकीकत आतल्या बाजूने कळते, बाहेरून सगळं एकसारखं दिसतं. आत जागोजागी गाठी होत्या. छातीच्या खाली चार बोटं रुंद हळदी रंगाचा पट्टा, आणि पट्ट्याच्या वरची मरून लोकर खालच्या मरूनपेक्षा अंमळ फिकी. मी विचारलं, हा पट्टा डिझाइनचा आहे का? तर म्हणाले, "नाही हो, लोकर पुरली नाही." आणि मग सुरू झाले. तो स्वेटर मुळात ते चौथीत असतानाचा. सहावीत अखूड झाला तेव्हा आईने तो पूर्ण उसवून परत विणला, नववीत पुन्हा. दर वेळी थोडी लोकर कमी पडायची, दुकानात तोच रंग मिळायचा नाही, मिळाला तरी छटा वेगळी निघायची. "उसवताना मीच बसायचो समोर, दोन्ही हात असे धरून. ती लडी करायची माझ्या हातांवर. हात खाली आले की ओरडायची." हे सांगताना त्यांनी खरंच दोन्ही हात समोर धरले होते, अंगठे वर करून, आणि ते तसे धरलेत हे त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

आता कुणालाही वाटेल की झालं, सुटला प्रश्न, आईनेच दोनदा उसवलाय म्हणजे आपणही उसवायला हरकत नाही. त्यांच्या बायकोला तसंच वाटलं आणि त्या तसं बोलल्याही. पण पुढच्या सेशनला ते आले ते जास्तच अस्वस्थ होऊन. म्हणाले, "तिने उसवला कारण तिला परत विणता येत होता. मी उसवला तर संपलं."

यावर माझ्याकडे पटकन द्यायला उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. कारण हेच तर खरं दुःख होतं. जी मोडलेलं परत जोडायची ती बाई आता नाहीये, ही गोष्ट चार वर्षांत ते पहिल्यांदा मोठ्याने बोलले आणि मग बराच वेळ रडले. बायकोने पाण्याचा ग्लास पुढे केला, बोलल्या काहीच नाहीत, आणि ते फार बरं झालं. आपल्याला घाई असते समोरच्याला गप्प करायची, 'रडू नका, त्यांना तिकडे त्रास होईल' वगैरे. तसं म्हणू नका प्लीज कुणालाच.

जुनी समजूत अशी होती की शोक पूर्ण व्हायचा तर गेलेल्या माणसातून मन काढून घ्यायला हवं, फ्रॉइडने 1917 मध्ये साधारण असंच मांडलं होतं. पण 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी याच्या उलट मांडणी केली, की बहुतेक माणसं नातं तोडत नाहीत, ते वेगळ्या रूपात चालू ठेवतात, आणि त्यात आजारी असं काही नाही. मला तर वाटतं आपल्या घरांमध्ये हे आधीपासूनच माहिती होतं. श्राद्धाला आईच्या आवडीची भाजी करतो, पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतो, हे नातं चालू ठेवणंच आहे की. त्यामुळे 'चार वर्षं झाली, सोडा आता ते' असं मी त्यांना कधीच म्हटलं नाही. मी विचारलं ते वेगळं. हा स्वेटर कपाटात असतो तेव्हा आईची आठवण येते, की आठवण येऊ नये म्हणून तो कपाटात आहे? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, दुसरं.

दरम्यान कसर तर थांबणार नव्हती, तिला आपल्या दुःखाशी काय देणंघेणं. कसर म्हणजे एक छोटा पतंग, लोकर खाते ती त्याची अळी, उडणारा पतंग स्वतः काही खात नाही, आणि तिला खरी लोकर, रेशीम, केस असलंच लागतं. आपल्याकडे लोकर म्हणून जे गुंडे विकत घेतो त्यातले पुष्कळसे अॅक्रिलिकचे असतात, त्याला सहसा कसर लागत नाही. शंका असेल तर आतल्या गाठीचा एक छोटा धागा तोडून चिमट्यात धरून जाळून बघा, खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि आपोआप विझते, अॅक्रिलिक वितळून त्याची कडक गुठळी होते. यांचा धागा केसासारखा जळला. म्हणजे आधी कसर मारणं आलं, आणि त्यासाठी म्युझियमवालेही वापरतात तो उपाय म्हणजे फ्रीजर. स्वेटर पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये, शून्याखाली अठराच्या आसपास. बायकोने मटारची पाकिटं हलवून जागा केली. ऐकायला साधी गोष्ट वाटेल, पण त्या घरात स्वेटरसाठी दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम होतं.

उसवायचं की नाही ते पुढे बरेच दिवस ठरलं नाही आणि मी घाईही केली नाही. शेवटी त्यांनीच संगमनेरच्या मावशींना फोन केला, दोघी बहिणी एकत्रच विणायला शिकलेल्या. मावशी येऊन राहिल्या. कसर लागलेला भाग उसवला की सलग धागा निघत नाही, भोक आलं की तुटतो, त्यामुळे तुकडेच तुकडे निघाले आणि ते जोडत बसावं लागलं. उसवलेली लोकर मॅगीसारखी कुरळी असते, ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, कोमट पाण्यात बुडवून काढायची आणि खाली हलकं वजन बांधून सावलीत वाळत टाकायची, मग सरळ होते. लडी धरायला यांची मुलगी बसली. एवढं सगळं करून निघाली ती एक कानटोपी आणि त्यावर हळदी रंगाचा गोंडा. एक बाही चांगली होती, ती उसवायची नाही असं त्यांनी ठरवलं आणि ती तशीच ठेवली. मला हा निर्णय फार आवडला. सगळं बदलायलाच पाहिजे असं कुठे आहे?

जानेवारीत निफाडकडून थंडी आली की इकडे सकाळी शाळेत जाणारी पोरं अक्षरशः कुडकुडतात, तर मुलगी टोपी घालून जायला लागली आणि एक दिवस व्हॅनमध्ये विसरून आली. यांचा मला मेसेज आला, 'टोपी हरवली'. नंतर भेटल्यावर सांगितलं की छातीत धस्स झालं पण ओरडलो नाही, व्हॅनवाल्या काकांना फोन केला, आणि ते सापडवतील तोवर मुलीला आजीच्या लडीची गोष्ट सांगत बसलो. दुसऱ्या दिवशी टोपी मिळाली. वापरायला काढलेली वस्तू झिजणार, हरवणार, ही भीती खोटी नाही, ज्याला ती सोसणारच नाही त्याने नाही काढली वस्तू तरी चालेल.

आता तुमच्यापैकी जे अशाच एखाद्या वस्तूपाशी अडकलेत त्यांच्यासाठी थोडं. कात्री लावण्याआधी वस्तूचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि ती कुणी, कधी, कशी केली हे लिहून ठेवा, किंवा मावशी-आत्याला विचारून फोनवर रेकॉर्ड करा, ती माणसं पण कायमची नसतात. पहिल्या वर्षात शक्यतो काहीच कापू-उसवू नका, तेव्हा मन रोज वेगळं सांगत असतं. 'धुतलं तर आईचा वास जाईल' म्हणून कित्येक जण वर्षानुवर्षं धूत नाहीत, आणि वासाचं तसं आहेच, मेंदूत वास ओळखणारा भाग आठवणी आणि भावनांच्या भागांना अगदी जवळून जोडलेला असतो, पण मळ आणि घामावर कसर आणि बुरशी जास्त लवकर येते. एखादा छोटा रुमाल न धुता बाजूला ठेवा आणि बाकीचं धुऊन घ्या. प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवू नका, आत दमटपणा साचतो, जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर कापड घडीवरच विरतं. मेलेल्या माणसाचं घरात ठेवू नये असं कुणी म्हटलं तर एवढंच बघा की ते त्यांचं अंथरूण-पांघरूण आहे की त्यांनी तुमच्यासाठी केलेली वस्तू, दुसऱ्या प्रकाराबद्दल मी तरी कुठल्याही गुरुजींना हरकत घेताना बघितलेलं नाही.

मात्र महिनोन्महिने ओढ कमीच होत नाहीये, जेवण-झोप-काम सगळं कोलमडलंय, जगण्यात अर्थ वाटत नाहीये, असं असेल तर तो प्रश्न वस्तूचा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे, निदान सहा महिने आणि आपल्या समाजात ज्याला साहजिक म्हणतात त्याच्या पलीकडे चाललेला शोक असा त्याचा निकष आहे. त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि भावंडं असतील तर काहीही करण्याआधी त्यांना एक फोन करा. या केसमध्ये बहीण पुण्यात होती, तिला आधी विचारलं म्हणून तिने स्वतःहून सांगितलं की तिच्याकडे आईच्या दहा नंबरच्या सुया आहेत, त्या मावशींकडे पाठवते. टोपी त्याच सुयांवर विणली गेली. न विचारता केलं असतं तर तिच्या मनात कायमची अढी बसली असती, आणि वस्तूवरून भावंडांमध्ये पडलेली अढी सोडवायला किती जण माझ्याकडे येतात तो तर वेगळाच विषय आहे, त्यावर पुढच्या वेळी लिहीन.