इसार देण्याआधी: चार बिऱ्हाडांची इमारत घेणाऱ्या भाचीस पत्र

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

भाड्याने देण्यासाठी चार बिऱ्हाडांची इमारत घ्यायचं तू मनावर घेतलंस, याचा फार आनंद आहे. विकणारा सगळ्यात आधी महिन्याच्या भाड्याचा आकडा सांगेल. तो ऐकून घे, पण पहिला प्रश्न वेगळा विचार: आत राहणारी माणसं कोणत्या हक्काने राहतात?

सोलापुरातल्या साखर पेठ, शनिवार पेठ, भवानी पेठ या जुन्या भागात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, अमलात आला 31 मार्च 2000 ला. जुना भाडेकरू ठरलेलं भाडं देत असेल तर त्याला सहजी काढता येत नाही. कलम 11 प्रमाणे नेहमीची भाडेवाढ वर्षाला 4 टक्केच करता येते आणि भाडेकरूच्या पश्चात घरच्यांनाही हक्क मिळू शकतो. इमारत विकली गेली तरी त्याचा हक्क तसाच राहतो, फक्त मालक बदलतो. ‘तुम्ही घेतलं की ते निघतील’ हे वाक्य ऐकलंस तर एवढंच म्हण: रिकामा ताबा द्या, मग खरेदीखत करू. लाइट बिल भाडेकरूच्या नावावर असेल, जुन्या भाडेपावत्या असतील, रेशन कार्डावर तोच पत्ता असेल, तर हक्क जुना आहे असंच समज.

अलीकडचे भाडेकरू असतील तर प्रत्येकाचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरतं राहू देण्याचा करार) हातात घेऊन वाच. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवायची गरज नाही’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ते चूक आहे. त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. करार असेल आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट शुल्क मागता येतं. हे बळ तुला कागदानेच मिळतं. भाडेकरूंचं डिपॉझिट जुन्या मालकाकडे असतं, ते परत करायची वेळ मात्र तुझ्यावर येते. म्हणून ती रक्कम खरेदीच्या किमतीतून वजा करून घे आणि खरेदीखतात तसं लिही.

आता पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, हे तुला माहीतच आहे. चार बिऱ्हाडं म्हणजे 18 माणसं धर. माणशी 100 लिटर, म्हणजे दिवसाला 1,800 आणि पाच दिवसांचे 9,000 लिटर. एखादी पाळी चुकते, मोटर बिघडते, म्हणून जमिनीतली टाकी 12,000 लिटरची हवी: आतून 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 2 मीटर खोल. झाकण उघडून टेप लावून मोज, सांगीव आकडा धरू नको. टाकी लहान असेल तर उन्हाळ्यात टँकरचा खर्च तुझ्या भाड्यातून जाईल आणि चांगलं बिऱ्हाड सगळ्यात आधी निघून जाईल. बोअर असेल तर मेमध्ये किती चालतं, हे मालकाला नाही, शेजाऱ्याला विचार.

विजेचे मीटर चार वेगळे हवेत, पाचवा मोटर आणि जिन्याच्या दिव्यांचा. घरगुती दर टप्प्यांनी वाढतो. एकाच मीटरवर चार बिऱ्हाडांचे युनिट जमले की सगळ्यांना वरचा दर लागतो आणि दर महिन्याला भांडण होतं.

बांधकाम बघायला एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनला जा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया त्या मातीतच उथळ ठेवलेला असला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते आणि उन्हाळ्यात ती रुंदावते. केसाएवढ्या भेगेची काळजी नको. भेग भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसत असेल किंवा 5 मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नको. नुकताच रंग दिलेल्या भिंतीकडे जास्त लक्ष दे. वरच्या मजल्यावर दहा मिनिटं उभी राहा. ते उकडणं सोसून पैसे देणारा भाडेकरू तुला हवा आहे, म्हणून स्लॅबचं वॉटरप्रूफिंग आणि उष्णता परतवणारा पांढरा थर यांचा खर्च आत्ताच धर. छताला गंजलेली सळई दिसली तर तो खर्च वेगळा आणि मोठा असतो. हद्दवाढ भागात, म्हणजे शहरात नंतर जोडलेल्या भागात, ड्रेनेज लाइन आहे की शोषखड्डा, हेही बघ. शोषखड्डा चार संडासांना पुरत नाही.

कागदांसाठी वकील करच. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, फेरफार (मालकी बदलल्याची नोंद), बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला), मिळकत कराची पावती आणि 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांच्या नोंदींची तपासणी) एवढं हवं. नकाशात एकच मजला आणि जागेवर दोन असतील, तर वरचा मजला बेकायदा आहे आणि बँक त्याला किंमत देणार नाही. गुंठेवारीचा, म्हणजे जमीन मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला, प्लॉट असेल तर नियमितीकरणाचा दाखला माग. वाटणीची मिळकत असेल तर विकणाऱ्याच्या बहिणींच्याही सह्या हव्यात. इथे व्यवहार फार अडकतात. साठेखताआधी, म्हणजे खरेदी ठरवण्याच्या कराराआधी, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन 15 दिवस थांब.

आता हिशेब. समज, किंमत 45 लाख. महापालिका हद्दीत 6 टक्के मुद्रांक म्हणजे 2.70 लाख, नोंदणी 30,000, एकूण 48 लाख. चार बिऱ्हाडांचं 6,000 प्रमाणे वर्षाचं भाडं 2.88 लाख. त्यातून सरासरी एक महिना रिकामं 24,000, मिळकत कर 15,000, दुरुस्ती 22,000, पाणी आणि सामाईक वीज 12,000 काढ. उरतात 2.15 लाख, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास. 9 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी 20 लाख कर्ज घेतलंस तर हप्ता सुमारे 20,300, वर्षाचे 2.43 लाख, म्हणजे वर्षाला 28,000 रुपये तुझ्या पगारातून घालावे लागतील. 15 लाखांचा हप्ता 15,200. तो भाड्यातून निघतो आणि वर वर्षाला 32,000 उरतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या इमारतीला एवढंच कर्ज घे. बाकीचे पैसे जमत नसतील तर दोन बिऱ्हाडांची बघ किंवा थांब. जागेची किंमत वाढेल या भरवशावर हप्ता ठरवू नको. किंमत 50 लाख किंवा वर गेली तर विकणाऱ्याला पैसे देताना 1 टक्का टीडीएस (त्याच्या पैशातून आधीच कापायचा आयकर) तुला कापून भरायचा आहे, हेही लक्षात ठेव.

उताऱ्यांच्या प्रती आणि चारही भाडेकरूंचे करार आधी माझ्याकडे पाठव. ते बघून झाले की रविवारी टेप घेऊन जाऊ आणि टाकी मोजू.

तुझा मामा