लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ०.०१ पासून १.० पर्यंतच्या आवृत्त्यांत नेमके काय बदलले? (मुंबई विद्यापीठ, व्हायवासाठी)

सप्टेंबर १९९१ मधील ०.०१ ही आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती आणि ती कंपाइल करण्यासाठीही (कोडचे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करण्यासाठीही) मिनिक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम लागत असे, डिसेंबरातील ०.११ पासून लिनक्सवरच लिनक्स कंपाइल होऊ लागले.

माझ्या मते खरा टप्पा जानेवारी १९९२ मधील ०.१२ हा आहे. अवघी दोन मेगाबाइट रॅम असलेल्या एका वापरकर्त्याला कर्नल कंपाइल करता येईना, म्हणून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मेमरीतील पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) डिस्कवर हलवण्याची सोय केली. दादरच्या चाळीत पाहुणे आले की बिनगरजेचे सामान माळ्यावर चढते, तसाच हा प्रकार. याच आवृत्तीबरोबर, पैसे घेऊन वितरण करण्यास मनाई करणारा जुना परवाना सोडून जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना स्वीकारण्याचे जाहीर झाले, आणि हा निर्णय कोडइतकाच दूरगामी ठरला.

१४ मार्च १९९४ रोजी आलेल्या १.० मध्ये टीसीपी/आयपी (इंटरनेटवरील संपर्काचे नियम) नेटवर्किंग होते आणि कोड १,७६,२५० ओळींवर पोहोचला होता. व्हायवात गफलत होते ती पुढे: एकाहून अधिक प्रोसेसर हाताळण्याची क्षमता १.० मध्ये नव्हती. ती जून १९९६ मधील २.० मध्ये आली, तीही सबंध कर्नलला एकच मोठे कुलूप लावून, म्हणजे एका वेळी एकच प्रोसेसर कर्नलचा कोड चालवू शके.