आधी भिंतीतला प्लग बघा, मग शोरूम

मागच्या अंकात म्हटलं होतं की इलेक्ट्रिक गाडीबद्दल काय विचारायचं असेल ते विचारा, तर पत्रं आणि मेसेज मिळून एवढे आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला जागा पुरणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. मी स्वतः गेली चार वर्षं इलेक्ट्रिक गाडी चालवतेय, घर गोव्यातलं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), पोर्चमध्ये चार्जिंग, त्यामुळे जे लिहितेय ते बहुतेक करून बघितलेलं आहे.

प्रश्न (फोंडा): मी शिक्षक आहे. रोज फोंडा-पणजी जाऊन येऊन ६० किलोमीटर होतात. छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो पोर्चमध्ये १५ अँपियरचा प्लग आहे, अजून काही करायला नको. खरं का?

सर, गाडी तुम्हाला चालेल, त्यात मला शंका नाही. छोटी गाडी आपल्या रस्त्यांवर एका युनिटला सात-आठ किलोमीटर जाते, म्हणजे तुमच्या ६० किलोमीटरला आठ-नऊ युनिट, चार्जिंगमध्ये थोडी वाया जाते ती धरून, आणि १५ अँपियरच्या प्लगवर ती तीन-साडेतीन तासांत भरते. रात्री जेवून प्लग लावला की झोपायच्या वेळेपर्यंत काम झालं. २४ युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर आठ-नऊ तास लागतात पण तुमची तशी वेळ रोज येणारच नाही.

पण इलेक्ट्रिशियनचं म्हणणं मला पटत नाही. प्लग १५ अँपियरचा आहे म्हणजे मागची वायर तेवढी आहे असं नसतं. जुन्या घरात गिझरसाठी ओढलेली लाइन असते, गिझर दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि बंद होतो, गाडी सलग कित्येक तास तेवढाच करंट ओढत राहते. माझ्याकडे पहिल्याच महिन्यात प्लगच्या खालच्या बाजूला प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालं होतं आणि हात लावला तर चटका बसला. उघडून बघितलं तर आतला स्क्रू अर्धा ढिला. म्हणून मीटरच्या बोर्डपासून वेगळी लाइन घ्या, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच), आणि प्लग चांगल्या प्रतीचा इंडस्ट्रियल घ्या. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, एक दिवसापुरतासुद्धा नको. अजून एक, गाडीबरोबर मिळणाऱ्या चार्जरची पेटी जड असते, ती प्लगवर लोंबकळत ठेवली तर पिना खाली ओढल्या जाऊन ढिल्या होतात, भिंतीला हूक मारून तिथे अडकवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंग, म्हणजे गळालेली वीज जमिनीत सोडणारी तार. आपल्याकडे जमिनीत चिरा, उन्हाळ्यात तो कोरडा खडखडीत होतो आणि अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून वीस वर्षांपूर्वी केलेला असतो, त्यानंतर त्याच्याकडे कोणी बघितलेलं नसतं. फ्रिज, टीव्ही अर्थिंग खराब असलं तरी चालतात म्हणून कळत नाही. गाडीचा चार्जर मात्र सुरू व्हायच्या आधी अर्थ तपासतो आणि नसेल तर लाल दिवा लावून बसतो. माझ्याकडे एप्रिल महिन्यात हेच झालं, शोरूमला वाटलं चार्जर गेला, बदलून पण दिला, तरी लाल. शेवटी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं आणि अर्ध्या तासात दिवा हिरवा!

पुढे जे झालं ते नीट वाचा. जो इलेक्ट्रिशियन आधी लाल दिवा बघायला आला होता तो म्हणाला, बाई, खड्डा वगैरे कशाला, मी पाच मिनिटांत करून देतो, आणि प्लग उघडून न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ एका तारेच्या तुकड्याने जोडायला लागला. हे बऱ्याच घरांत करून ठेवलेलं आहे असं मला नंतर कळलं. दिवा हिरवा होतो हे खरं. पण पावसात झाड पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला तर विजेला परतीची वाट राहत नाही, ती त्या तुकड्यातून गाडीच्या पत्र्यावर येते, आणि सकाळी ओल्या अंगणात उभं राहून कोणी दाराला हात लावला की काय होईल ते सांगायला नको. घरात लहान मुलं असतात. हात जोडून सांगते, हे कोणालाही करू देऊ नका, आणि जुन्या घरात आधीच केलंय का ते उघडून बघून घ्या.

नवीन खड्डा किंवा केमिकल अर्थिंग (मीठ-कोळशाऐवजी खास पावडर घालून केलेलं) करून घ्या, अर्थ टेस्टरने मोजायला सांगा, ५ ओहमच्या खाली आलं पाहिजे, आणि प्लगवर न्यूट्रल ते अर्थ मीटर लावून बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर काहीतरी गडबड आहे. मोजायला मे महिन्यात बोलवा, जुलैत नाही, पावसात सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं येतं. हे काम गाडी बुक करायच्या आधी करा. मी लोकांना बघते, रंग ठरवायला दोन महिने घालवतात आणि प्लग बघायला गाडी आल्यावर माणूस बोलावतात.

प्रश्न (पर्वरी): फ्लॅट चौथ्या मजल्यावर, पार्किंग खाली स्टिल्टमध्ये. सोसायटी चार्जिंग पॉइंटला परवानगी देत नाही. "आग लागली तर?" असं विचारतात.

पहिलं म्हणजे त्यांच्याशी भांडू नका. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये (आधी जानेवारी २०२२च्या, आता त्यांच्या जागी आलेल्या सप्टेंबर २०२४च्या) स्पष्ट आहे की गाडीमालक आपल्या घरी किंवा ऑफिसात असलेल्या वीज जोडणीवरच गाडी चार्ज करू शकतो. नव्या सूचनांची प्रिंट काढून अर्जाला जोडा. पण नुसत्या कागदाने सेक्रेटरीकाकांची भीती जात नाही, आणि त्यांची भीती खोटी आहे असंही मी म्हणणार नाही, कारण लोक खिडकीतून वायर सोडून चार्ज करतात ते त्यांनी बघितलेलं असतं.

बहुतेक बिल्डिंगमध्ये मीटर रूम खालीच असते, म्हणजे चौथ्या मजल्यावरून वायर आणायची गरजच नाही, तुमच्या स्वतःच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत पाइपमधून लाइन न्यायची. बिल तुमच्या मीटरवर, कॉमन लाइटशी संबंध नाही, हे मीटिंगमध्ये पहिल्या वाक्यात सांगा, कारण निम्मा विरोध तिथेच असतो. लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून काम करून घेऊन त्याचं लेखी सर्टिफिकेट सोसायटीला द्या. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर लावणार असाल तर ६ स्क्वेअर एमएमची वायर लागेल आणि वीज खात्याकडे अर्ज करून सँक्शन्ड लोड (तुमच्या जोडणीला मंजूर असलेला भार) वाढवून घ्यावा लागेल. रोज ४०-५० किलोमीटर फिरणाऱ्याला त्याची खरं तर गरज नाही, साधा प्लग पुरतो.

इतकं करूनही नाही म्हणाले तर? तर गाडी घेणं थोडं लांबवा. रोज पब्लिक चार्जरवर अवलंबून राहून इलेक्ट्रिक गाडी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, तिथला दर घरच्यापेक्षा बराच जास्त पडतो, वेळ जातो, आणि चार्जर बंद असला की दिवस गेला.

प्रश्न (म्हापसा): पावसात चार्ज करायला भीती वाटते. आणि रस्त्यावर पाणी साचलं तर गाडीत करंट येतो का?

ताई, गन (चार्जिंगच्या केबलचं गाडीत बसणारं टोक) गाडीला लावली की लगेच वीज सुरू होत नाही. आधी गन आणि गाडी एका बारीक पिनेतून एकमेकांशी बोलतात, सगळं नीट बसलंय, अर्थ आहे, हे कळलं की मगच चार्जर आतला स्विच चालू करतो, गन काढायला घेतली की आधी वीज तुटते. त्यामुळे पावसात चार्ज करता येतं. सांभाळायचं ते भिंतीकडचं टोक, तो प्लग पावसाच्या झडीत नको, झाकणवाल्या बॉक्समध्ये आणि वरच्या बाजूला पत्रा पाहिजे. समुद्राजवळ घर असेल तर खारट हवेने पिनांवर हिरवट थर चढतो, महिन्यातून एकदा बघत जा, गनचं टोपण लावून ठेवा.

बॅटरी बऱ्याच गाड्यांत आयपी ६७ दर्जाची असते, म्हणजे टेस्टमध्ये ती एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून बघतात. याचा अर्थ एक मीटर पाण्यातून गाडी घालायची असा नाही! अर्ध्या चाकापर्यंत पाणी दिसलं की परत फिरा, पेट्रोल गाडी असती तर काय केलं असतं तेच करा. आणि गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर चार्जिंगला लावायची नाही, आधी सर्व्हिस सेंटर.

प्रश्न (डिचोली): आम्ही वर्षातून दोन-तीनदा कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जातो, चोर्ला घाटाने. गाडी घाट चढेल का, की बॅटरी घाटातच संपेल?

चढेल, आणि पेट्रोल गाडीपेक्षा आरामात चढेल, गिअर बदलायचा नाही की इंजिन ओरडायचं नाही. हिशोब सोपा आहे. माणसं आणि सामान धरून गाडी १६०० किलोची आणि घाट ७०० मीटर उंच धरला (आंबोली ६९० मीटरवर आहे, चोर्ला थोडा जास्तच), तर तेवढं वजन वर न्यायला ३ युनिट लागतात, मोटर वगैरेचं नुकसान धरून साडेतीन. ही अंतराला लागणाऱ्या विजेच्या वरची. म्हणजे ३० युनिटच्या बॅटरीतले दहा-बारा टक्के घाट खातो. स्क्रीनवर टक्के भराभर उतरताना दिसले की पोटात गोळा येतो, पण वर पोचल्यावर आकडा परत शांत होतो. परतीला उतरताना मोटर जनरेटरसारखी चालते, ब्रेकऐवजी तीच गाडी अडवते आणि निम्मी-अधिक वीज परत बॅटरीत येते.

इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. घाटाच्या वर कुठे मुक्काम केला आणि सकाळी १०० टक्के भरून लगेच उतरायला लागलात तर बॅटरीत जागाच नसते, मग ती अडवणारी पकड मिळत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. म्हणून वरून निघताना ८०-८५ टक्के ठेवा.

बेळगावला थांबून चहा आणि चार्जिंग, पुढे कोल्हापूरपर्यंत हायवे आहे. फास्ट चार्जरवर २० टक्के असताना पोचा, १० वर नाही, म्हणजे तो बंद निघाला तर पुढच्याकडे जाता येतं. ८० टक्क्यांना काढून निघा, शेवटचे २० फार हळू भरतात आणि मागे कोणीतरी थांबलेलं असतं. निघायच्या आधी चार्जिंगच्या ॲपवर सीसीएस टू (आपल्या गाड्यांना बसणारा फास्ट चार्जिंगचा प्लग) लिहिलंय का बघा आणि कालपरवा तिथे कोणी चार्ज केलंय का तेही. दोन-तीन ॲप आदल्या रात्री घरच्या वायफायवर रजिस्टर करून ठेवा, मी एकदा घाटमाथ्यावर रेंज नसताना ओटीपीची वाट बघत पाऊण तास उभी होते, सासूबाई गाडीत बसलेल्या.

प्रश्न (मडगाव): बिल किती वाढेल? सोलर लावू का?

महिन्याला १५०० किलोमीटर धरले तर साधारण २०० ते २२० युनिट. आपल्याकडे युनिटं वाढली की वरच्या स्लॅबचा दर लागतो, त्यामुळे जुन्या बिलाच्या दराने गुणू नका, वरच्या दराने गुणा. तरी तेवढ्याच अंतराला पेट्रोल गाडीचं शंभर लिटर पेट्रोल जातं, त्याच्याशी ताडून बघा. छप्पर स्वतःचं असेल तर सोलर जरूर लावा, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे आणि तेवढं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला दहा-बारा युनिट देतं. जून ते सप्टेंबर मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

प्रश्न (वाळपई): चवथीला (गणेश चतुर्थीला) मुळाकडच्या घरी गेलो की चार्जिंग मध्येच थांबतं.

चवथीला वाड्यावरच्या प्रत्येक घरात माणसं, माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या आराशीचे) दिवे, मिक्सर, पंप, सगळं एकदम चालू, व्होल्टेज १८०वर येतं आणि चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतो. बिघाड नाही. चार्जरला किंवा गाडीच्या स्क्रीनवर करंट कमी करायची सोय असेल तर ती वापरा आणि रात्री अकरानंतर लावा. त्या घराचं अर्थिंगही बघून घ्या.

प्रश्न (कुडचडे): मिस्टर शिपवर असतात, सहा-सहा महिने येत नाहीत. मी गाडी चालवत नाही. इतके दिवस उभी राहिली तर बॅटरी खराब होईल?

मोठी बॅटरी नाही होणार, ५०-६० टक्क्यांवर ठेवा, पूर्ण भरून किंवा रिकामी करून ठेवू नका, आणि प्लगला लावून सोडून देऊ नका. त्रास देते ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी. इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा ती असते, दरवाजे, स्क्रीन, मोठ्या बॅटरीचा स्विच सगळं तिच्यावर चालतं, ती उतरली की मोठी ६० टक्के भरलेली असूनही गाडी मेलेल्यासारखी, रिमोटने दारसुद्धा उघडत नाही. काही गाड्या तिला आपोआप भरतात, काही नाही. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा गाडी जागेवरच, गिअर पार्कवर ठेवून, चालू करून अर्धा तास ठेवायची, एवढं तुम्हाला न चालवताही करता येईल. मिस्टर जायच्या आधी त्यांच्याकडून किल्लीच्या आतली धातूची किल्ली कशी काढायची आणि दाराच्या हँडलला तिचं भोक कुठे आहे ते करून दाखवायला सांगा, आणि कंपनीचा रस्त्यावरच्या मदतीचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, गाडीत नको.