मशीन माळ्यावर जाण्याआधी

सीपॅप मशीन घेतलेला पेशंट तीन महिन्यांनी भेटायला आला की मी आधी एकच विचारतो : मशीन कुठे ठेवलंय? ‘उशाशी’ असं उत्तर आलं तर पुढचं बोलणं सोपं. ‘पॅक करून नीट ठेवलंय’ म्हणाले की समजायचं, माळ्यावर गेलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, त्याला आपण स्लीप अ‍ॅप्निया म्हणतो. तो घसा हवेच्या दाबाने उघडा ठेवणारं हे मशीन. या वेळची बहुतेक पत्रं त्याच्याशी पटत नसल्याचीच आहेत.

माझ्या मिस्टरांचं वय ५२. स्लीप स्टडीत तासाला ४१ वेळा श्वास अडकतो असं आलं. मशीन आणलं, पण मास्क लावला की पाच मिनिटांत ‘गुदमरतंय’ म्हणून ओढून काढतात. सासूबाई तर ऑक्सिजन लावायची वेळ आली म्हणून रडतात. काय करू? (नाशिक)

आधी सासूबाईंचं. या मशीनमध्ये ऑक्सिजन नाही. खोलीतलीच हवा गाळून थोड्या दाबाने नाकात सोडायची, एवढंच त्याचं काम. कोरोनात ‘बायपॅपवर टाकलंय’ (तेही असंच दाबाने हवा देणारं मशीन) हे वाक्य ज्यांनी फोनवर ऐकलं, त्यांना नळी आणि मास्क दिसला की आयसीयू आठवतं; त्यांचा काय दोष? त्यांच्यासमोर एका उंच ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉ दहा सेंटिमीटर बुडवा आणि फुंका. बुडबुडे यायला जेवढा जोर लागतो, तेवढा म्हणजे ‘१० सेंटिमीटर’ दाब. घरगुती सीपॅप साधारण ४ ते २० या पट्ट्यात चालतं. सासूबाईंना स्वतःला फुंकायला लावा, धास्ती निम्मी होईल.

आता मिस्टरांचं. गुदमरतंय म्हटलं की लोक दाब कमी करायला धावतात. पण सुरुवातीच्या मिनिटांत गुदमरतं ते पुष्कळदा दाब कमी पडल्यामुळे. मशीनमध्ये ‘रॅम्प’ नावाची सोय असते. सुरुवात ४ वर, मग वीस-तीस मिनिटांत हळूहळू ठरलेल्या दाबापर्यंत. अंगाने भरलेल्या माणसाला ४ वर हवा पुरत नाही, जाड रुमालातून श्वास घेतल्यासारखं वाटतं. डॉक्टरांना सांगून सुरुवातीचा दाब ६-७ करून घ्या. श्वास सोडताना दाब किंचित उतरवण्याची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, तीही चालू आहे का बघा.

आणि मास्कशी पहिली ओळख रात्री अकराला, झोप डोळ्यांवर असताना करून देऊ नका. संध्याकाळी टीव्हीसमोर बसवा. मशीन चालू, मास्क नुसता हाताने नाकाशी धरायचा, पट्टे बांधायचे नाहीत. नको वाटलं की काढायचा. काढता येतो हे हाताला कळलं की भीती ओसरते. दोन-तीन दिवसांनी पट्टे लावून अर्धा तास. मग दुपारची डुलकी, मग रात्र. माझ्या एका पेशंटने अख्खी वनडे मास्क लावून पाहिली. मॅच गेली, मास्क जमला.

वय ५८. मास्क लावून झोपतो, पण पहाटे जाग येते तेव्हा तो उशीखाली सापडतो. कधी काढला आठवत नाही. मशीनच्या अ‍ॅपमध्ये वापराचे रोजचे चार-सव्वाचार तास दिसतात. ‘चार तास झाले की पुरे’ असं मशीनवाल्याने सांगितलं होतं. मग चिंता नको ना? (पुणे)

चार तास हा हिशोबाच्या वहीतला आकडा आहे. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना मशीनचे पैसे चालू ठेवायला पुरावा मागते : सलग ३० दिवसांतल्या किमान ७० टक्के रात्री, रात्री निदान ४ तास वापर. तो आकडा तिथून जगभर रुळला आणि दुकानदाराच्या तोंडी बसला. तुमच्या घशाने त्यावर सही केलेली नाही.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वापराचे तास आणि मिळणारा आराम यांची सांगड घातली होती. दिवसा पेंग येते ही पेशंटची तक्रार कमी व्हायला साधारण ४ तास पुरले. पेंग प्रयोगशाळेत मोजली तेव्हा ६ तास लागले. आणि रोजची कामं पूर्वीसारखी जमायला साडेसात.

त्यातही तुमचे कुठले तास बुडतात ते बघा. स्वप्नांच्या झोपेत अंगातले बहुतेक स्नायू लुळे पडतात, घशाचेही. हा टप्पा रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जातो. म्हणजे घसा सर्वांत जास्त मिटायची वेळ आणि मास्क उशीखाली जायची वेळ एकच.

झोपेत मास्क काढणारा हात वेडा नसतो, त्याला काहीतरी टोचत असतं. कोणी कुशीवर वळलं की मास्क सरकतो आणि डोळ्यांत हवा जाते. कोणाचं नाक पहाटे चोंदतं. पहाटे लागणारा दाब मशीनच्या वरच्या मर्यादेपलीकडे असला तरी असं होतं. एसीच्या खोलीत मशीनच्या ह्युमिडिफायरने (हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकी) दमट केलेली हवा नळीत थंड होऊन तिचं पाणी होतं आणि गुडगुड करत नाकावर टपकतं. नळी पांघरुणाखालून घेतली किंवा तिच्यावर कापडी खोळ चढवली की बहुधा थांबतं. अ‍ॅपमधला तासांचा आकडा सोडून मास्कमधून होणाऱ्या हवेच्या गळतीचा आलेख उघडा आणि मास्क निघण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय झालं ते बघा. तुमच्या डॉक्टरांनाही तेच दाखवा. आणि जाग आली की घड्याळ न बघता मास्क परत लावा. ‘आता तास-दीड तासच राहिला’ हा विचार सगळ्यात महागात पडतो.

मला झुपकेदार मिशी आहे. मास्कमधून रात्रभर हवा फुसफुसते, सकाळी तोंड कोरडं ठाक. दुकानदार म्हणतो मिशी काढा. मिशी काढणार नाही. (कोल्हापूर)

काढू नका. मास्क बदला.

नाकातोंडावर बसणाऱ्या मोठ्या मास्कची कड मिशीवर टेकते आणि केसांतून हवा निसटते. लोक मग पट्टे आवळत जातात. आवळलं की सिलिकॉनची गादी चपटी होते, गळती वाढते आणि सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ. नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारे छोटे ‘नेझल पिलो’ मिळतात, ते मिशीच्या वरच राहतात. मास्क दुकानात खुर्चीवर बसून ठरवू नका. आडवे व्हा, दाब चालू करायला सांगा, दोन्ही कुशींवर वळून बघा. झोपल्यावर गालांचा आकार बदलतो.

कोरडं तोंड मात्र वेगळं प्रकरण असू शकतं. नाकातून घेतलेली हवा उघड्या तोंडातून निघून जात असेल, तर नाक चोंदतंय का ते आधी पाहायला हवं. झोपण्यापूर्वी सलाईनचा स्प्रे आणि ह्युमिडिफायर एक पायरी वाढवणं, एवढ्यावर पुष्कळांचं भागतं. नाकातलं हाड वाकडं असेल किंवा अ‍ॅलर्जी असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि रात्री चेहऱ्याला तेल किंवा क्रीम नको. मास्क सटकतो, सिलिकॉनही लवकर खराब होतं. मास्कची गादी रोज सौम्य साबणाने धुवा. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घाला, आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे.

कोलिन सुलिवन यांनी १९८० साली सिडनीत हा उपचार सुरू केला आणि १९८१ मध्ये पाच पेशंटचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये छापला. तेव्हा मास्क रोज रात्री नाकावर चक्क चिकटवावा लागे. त्या पाच जणांत मिशीवाला कोणी होता का, हे मला फार दिवसांचं कुतूहल आहे.

मशीन लावल्यापासून सकाळी पोट टम्म फुगतं, ढेकरा थांबत नाहीत. (अकोला)

हवा अन्ननलिकेत जाते आहे. घातक नाही, पण याच कारणावरून मशीन सोडणारे बरेच. ठरीव दाबाऐवजी स्वतः दाब कमी-जास्त करणारं ‘ऑटो’ मशीन किंवा श्वास सोडताना दाब उतरवण्याची सोय यांचा उपयोग होतो. दाब थोडा कमी करून चालेल का तेही डॉक्टर डेटा पाहून सांगतील. उशाकडची बाजू थोडी उंच करा आणि रात्री दहाचं जेवण आठवर आणा.

वय ४६. माझ्या मशीनचं माहेरी कोणालाच माहीत नाही. भाचीचं लग्न आहे, आम्ही सगळ्या जणी हॉलमध्ये गाद्या घालून झोपतो. दोन रात्री नाही नेलं तर चालेल? आणि मास्कसाठी चमकी काढायलाच हवी का? (ठाणे)

चमकी मास्कच्या कडेखाली येत असेल तरच काढा. नाकावर बसणाऱ्या मास्कमध्ये ती आतच राहते, बिचारीचा त्रास नाही.

दोन रात्री नाही नेलं तर जिवावर बेतणार नाही. पण उपचाराविना अ‍ॅप्निया एक-दोन रात्रींतच परत येतो, आणि लग्नाच्या दिवशी डोकं जड, चिडचिड, हळदीच्या फोटोत डोळे सुजलेले. खरं सांगू का, बायका घोरण्याबद्दल बोलतच नाहीत. थकवा, सकाळची डोकेदुखी, मोडकी झोप हे सगळं थायरॉईडच्या नाहीतर पाळी जाण्याच्या खात्यावर टाकलं जातं, आणि नेमका पाळी गेल्यानंतर अ‍ॅप्नियाचा धोका वाढतो. मशीनचा आवाज कुजबुजीपेक्षा कमी असतो. एक्स्टेंशन बोर्ड घ्या, प्लगजवळच्या भिंतीची गादी आधीच पटकवा. सकाळी दोघी-तिघी तुम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारतील, ‘कितीला पडलं गं?’

ओळखीतल्या एकांचे वडील वारले, त्यांचं मशीन अर्ध्या किमतीत मिळतंय. घ्यावं का? (सांगली)

मास्क, नळी, फिल्टर कधीच जुने नकोत. मशीनचं म्हणाल तर आधी नंबर तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने जगभरातून लाखो मशीन परत मागवली होती, कारण आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. त्यातलं एखादं अजून कोणाच्या कपाटात असणं अगदी शक्य आहे. नंबर त्यातला नसेल, तर किती तास चाललं आहे ते मशीनच सांगतं. आणि वडिलांचा दाब पुसून तुमचा भरून घ्या. दुसऱ्याचा चष्मा घालून गाडी चालवत नाही ना आपण?

अँजिओप्लास्टी झाली आहे, वय ६१. मशीन लावलं तर दुसरा अटॅक येणार नाही ना? आणि हे जन्मभर का? (सोलापूर)

तशी हमी मी देणार नाही. हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेल्या अडीच हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, त्यात भारतीय पेशंटही होते. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : सीपॅपने अटॅक आणि पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. पेंग कमी झाली, मन हलकं झालं. पण त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं होतं. पुण्याच्या वाचकांना वर जे लिहिलंय ते यासाठीच. रक्तदाब सीपॅपने थोडा उतरतो, पण त्याच्या गोळ्या बंद करण्याइतका नाही. हृदयाची औषधं जशीच्या तशी चालू ठेवा.

जन्मभर का, हे बऱ्याच अंशी वजनावर आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या एका अभ्यासात वजन १० टक्के उतरलं तेव्हा श्वास अडकण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटलं. म्हणजे तासाला ४० असेल तर ३० च्या आसपास. सुधारणा खरी, पण ३० हासुद्धा तीव्रच. वजन उतरवा, मग पुन्हा स्लीप स्टडी करा आणि काय ते तेव्हा ठरवा. स्वतःच ठरवून मशीन बंद करू नका.

दरवर्षी वारीला जातो. दिंडीचा टेम्पो मीच चालवतो. मुक्कामाला लाईटचा भरवसा नाही. तेवढे दिवस मशीनला सुट्टी दिली तर? (फलटण)

पायी चालणाऱ्या माउलीला मी कदाचित म्हटलं असतं, पाठीमागे गाठोडं लावून कुशीवर झोपा, जमेल तेवढं बघा. तुम्हाला नाही म्हणणार. रस्ताभर माणसं, पुढे-मागे टाळकरी, आणि स्टिअरिंगवर अर्धवट झोपलेला ड्रायव्हर.

सोय होते. तुमच्या मशीनला चालणारी बॅटरी आणि गाडीच्या सॉकेटची कंपनीची वायर आधीच घ्या. गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची, ते दुकानात सांगा, नाहीतर मशीन जळेल. दिवसा गाडी चालू असताना किंवा मुक्कामी जनरेटरवर बॅटरी चार्ज करायची, रात्री मशीन बॅटरीवर. टेम्पोच्या बॅटरीवर रात्रभर मशीन चालवू नका, सकाळी सेल्फ लागणार नाही आणि वारकऱ्यांना धक्का मारावा लागेल. ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद ठेवा. खरी वीज तेच खातात, आणि आषाढाच्या हवेत ओलावा भरपूर असतो. घरी ह्युमिडिफायरशिवाय दोन-तीन रात्री झोपून बघा, बॅटरी किती तास पुरते ते निघण्याआधीच कळेल. मशीन प्लास्टिकच्या पेटीत, जमिनीपासून वर.

आणि एखाद्या मुक्कामी काहीच जमलं नाही, तर दुसऱ्या दिवशी किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या आणि तुम्ही दिंडीबरोबर पायी चाला.